परवान्याची मुदत संपली, तरी कालवा वाहतोच: जलविद्युत प्रकल्पाचं रीलायसन्सिंग नेमकं कसं चालतं?

प्रश्न असा आला होता: "आम्ही मॅसॅच्युसेट्समध्ये टर्नर्स फॉल्सजवळ राहायला आलोय. कालव्याच्या कडेच्या सायकल ट्रॅकवर रोज फिरायला जातो. कालवा काठोकाठ भरलेला असतो आणि शेजारच्या खऱ्या कनेक्टिकट नदीत उन्हाळ्यात नुसते खडक दिसतात. इथल्या जलविद्युत प्रकल्पाचा परवाना 2018 मध्येच संपला असं वाचलं. मग त्यानंतरही तो चालतो कसा? नव्या परवान्यात काय ठरतं? धरण पाडायचा विषय असतो का? आणि आमच्यासारख्या ग्रीन कार्डवाल्यांना त्यात बोलायला जागा आहे का?"

आधी माझी बाजू सांगून टाकतो. न्यू इंग्लंडमधल्या धरणांच्या रीलायसन्सिंगमध्ये, म्हणजे मुदत संपलेल्या परवान्याच्या जागी नवा परवाना मिळवण्याच्या प्रक्रियेत, मी बरीच वर्षं जलशास्त्रज्ञ म्हणून काम केलंय, कधी कंपनीसाठी, कधी सरकारी खात्यासाठी. टर्नर्स फॉल्सच्या कामाचे पैसे मात्र मी कोणाकडूनच घेतलेले नाहीत, त्यामुळे मोकळेपणाने लिहितो.

मुदत संपल्यावर प्रकल्प चालू राहणं पूर्ण कायदेशीर आहे. फेडरल पॉवर ॲक्टच्या कलम 15 मध्येच तशी सोय आहे. नव्या परवान्याचा निकाल लागेपर्यंत आयोगाने जुन्याच अटींवर वर्षावर्षाचा परवाना द्यायचा. आयोग म्हणजे फेडरल एनर्जी रेग्युलेटरी कमिशन, आमच्या बोलण्यात 'फेर्क'. असे वार्षिक परवान्यावर चालणारे प्रकल्प देशभर आहेत, त्यात तुमच्या गावाचं काही विशेष नाही.

मेख आहे ती 'जुन्याच अटींवर' या दोन शब्दांत. टर्नर्स फॉल्सचा जुना परवाना 1980 चा. धरणाखालच्या मूळ पात्रात किती पाणी सोडायचं, याची त्यातली अट अशी: 1 मेपासून 200 क्युसेक, मासे वर चढायला लागले की 400, आणि जुलैच्या मध्यापासून नदीचं पाणी 7 अंश सेल्सियसच्या खाली जाईपर्यंत 120. क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट. खडकवासल्याच्या विसर्गाच्या बातम्या ऐकत वाढलेल्यांना हे माप काही नवं नाही. आता दुसरा आकडा पाहा. कालव्याच्या टोकाला असलेलं कॅबट वीजकेंद्र एकटंच सुमारे 13,700 क्युसेक पाणी घेऊ शकतं. उन्हाळ्यात नदीला एवढं पाणी येतच नाही. त्यामुळे 120 क्युसेक पात्रात टाकून उरलेली सगळी नदी कालव्यात वळवता येते. तुम्हाला फिरताना दिसतात ते खडक म्हणजे परवान्यातली ही एक ओळ आहे. निकाल जितका लांबेल तितके उन्हाळे त्याच ओळीवर निघतात. म्हणून 'उशीर झाला तर कंपनीचं नुकसान' असं कोणी म्हणालं की मी जरा सावध होतो.

रीलायसन्सिंग म्हणजे आरटीओत जाऊन लायसन्स रिन्यू करून आणणं नव्हे. तिथे माणूस तोच, गाडी तीच, फी भरली की झालं. इथे सगळा हिशेब पहिल्यापासून मांडायचा असतो. याचं मूळ 1920 च्या फेडरल वॉटर पॉवर ॲक्टमध्ये आहे. नदीचं पाणी सार्वजनिक आहे, खासगी कंपनीला ते जास्तीत जास्त 50 वर्षांसाठी वापरायला द्यायचं आणि मुदत संपली की पुन्हा विचारायचं की हे अजून लोकहिताचं आहे का, असं ते तत्त्व. त्याच सुमाराला, 1921 मध्ये, मुळशीचे मावळे सेनापती बापटांबरोबर टाटांच्या धरणाविरुद्ध सत्याग्रह करत होते. त्यांची जमीन गेली ती गेलीच. पन्नास वर्षांनी तो हिशेब पुन्हा उघडायची खिडकी त्यांच्यासाठी कोणी ठेवली नव्हती. अमेरिकेतली ही खिडकी अरुंद आहे, तिच्यापर्यंत पोहोचायला वकील लागतात, पण ती आहे.

ती थोडी रुंद झाली 1986 मध्ये. तोवर आयोग मुख्यतः विजेकडे बघायचा. त्या वर्षीच्या दुरुस्तीने कायद्यात आलं की मासे, वन्यजीव, करमणूक, पर्यावरण यांना विजेच्या बरोबरीने विचारात घ्यायचं. 'बरोबरीने विचार' म्हणजे बरोबरीची वाटणी नव्हे, हे मात्र लक्षात ठेवा. आणखी एक गोष्ट नवख्यांना फार खटकते. आयोग तुलना करतो ती आजच्या स्थितीशी. धरणाआधी नदी कशी होती, हा त्याच्या लेखी आरंभबिंदू नाही, आणि 1999 मध्ये फेडरल अपील न्यायालयानेही ही पद्धत मान्य केली. म्हणजे 'इथे पूर्वी धबधबा होता' हे वाक्य तुम्ही कितीही पोटतिडकीने लिहिलंत, तरी एवढ्यावर फाइल हलत नाही. 'आज इथे 120 क्युसेक आहेत, ते इतके केले तर अमुक माशाला अंडी घालायला एवढी जागा मिळते' या वाक्याने हलते.

आता जागेवर या. माँटेग्यू आणि गिल या दोन गावांच्या मध्ये नदी अडवली आहे. धरणाच्या माँटेग्यूकडच्या टोकाला गेटहाउस, म्हणजे कालव्यात पाणी सोडायच्या दारांची इमारत, तिथून कालवा निघतो आणि दोन मैलांहून थोडा जास्त अंतर गावाच्या कडेने जातो. वाटेत स्टेशन नंबर 1 हे छोटं केंद्र, पावणेसहा मेगावॉटचं. टोकाला कॅबट, 62 मेगावॉट, सहा यंत्रं, 1910 च्या दशकातलं बांधकाम. तिथे पाणी सुमारे 60 फूट खाली येऊन पुन्हा नदीला मिळतं. धरणापासून कॅबटपर्यंतचं नदीचं जे मूळ पात्र बाजूला पडलं, त्याला आमच्याकडे 'बायपास रीच' म्हणतात. लांबी अडीच मैलांच्या आसपास. सगळं भांडण या अडीच मैलांचं आहे.

(कॅबटची यंत्रं फ्रान्सिस टर्बाइनची आहेत. जेम्स फ्रान्सिसने हे टर्बाइन 1840 च्या दशकात याच राज्यात, मेरिमॅक नदीवरच्या लोवेलमध्ये, कापडगिरण्यांच्या कालव्यांवर काम करताना घडवलं. कोयना प्रकल्पाच्या तिसऱ्या टप्प्यात कोळकेवाडीला फिरतात ती त्याच जातीची. लोवेलच्या कालव्यांवरच्या प्रकल्पाचा परवाना 2023 मध्ये संपला. तिथलं प्रकरणही वाचण्यासारखं आहे, पण तो वेगळा विषय.)

भांडण किती पैशांचं आहे, ते कागदावर काढून बघू. एक क्युसेक पाणी 60 फूट उतरलं आणि यंत्राची कार्यक्षमता 85 टक्के धरली, तर साधारण 4.3 किलोवॉट वीज होते. ताळा करून बघा: 13,700 ला 4.3 ने गुणलं की 59 मेगावॉट, म्हणजे कॅबटच्या क्षमतेच्या अगदी जवळ. तेव्हा कालव्यातले हजार क्युसेक धरणावरून पात्रात सोडले तर 4.3 मेगावॉट गेले. दिवसाचे 103 मेगावॉट-तास. मेगावॉट-तासाला 40 डॉलर दर धरला तर दिवसाला चार हजार डॉलर, वर्षभर सोडले तर पंधरा लाख. परवाना 40 वर्षांचा असेल तर आकडा कुठे जातो बघा. हे गणित मी प्रत्येक नव्या माणसाला करायला लावतो, कारण बैठकीत समोरचा माणूस 'पाचशे क्युसेक' म्हणतो तेव्हा त्याच्या डोक्यात डॉलरच असतात, आणि आपल्या डोक्यातही ते असलेले बरे.

यातून एक मधला मार्ग निघतो, आणि तो कालव्याच्या प्रकल्पांतच निघू शकतो. स्टेशन नंबर 1 चं पाणी कॅबटच्या बरंच वर, बायपासच्या पोटातच सुटतं. म्हणजे थोडं पाणी धरणावरून आणि थोडं या छोट्या केंद्रातून सोडलं, तर खालच्या पट्ट्यात पाणी येतं आणि थोडी वीजही वाचते. 2023 च्या मार्चमध्ये कंपनी, केंद्र सरकारची दोन्ही मत्स्यखाती, राज्याचं वन्यजीव खातं आणि काही संस्था यांच्यात जो समझोता झाला, त्यात हीच युक्ती आहे. वसंतात किती, जूनमध्ये किती, उन्हाळ्यात किती, त्यातलं धरणावरून किती, अशी तारीखवार वाटणी. उन्हाळ्याच्या 120 च्या जागी त्यात हजारांतले आकडे आहेत. सगळ्यांनी सह्या केल्या असं नाही. नदीसाठी झगडणाऱ्यांपैकी काहींना हे अपुरं वाटलं, आणि त्यांचं म्हणणं अगदीच बिनबुडाचं नाही.

हे सगळं ठरतं कधी? पद्धत अशी. मुदत संपायच्या साडेपाच ते पाच वर्षं आधी कंपनीने आपला इरादा कळवायचा आणि प्रकल्पाची असेल नसेल ती सगळी माहिती एका दस्तऐवजात मांडायची. मग आयोगाच्या जाहीर बैठका. मग कोणते अभ्यास करायचे यावर घासाघीस. मग साधारण दोन हंगाम प्रत्यक्ष नदीवर मोजमाप. मुदतीच्या किमान दोन वर्षं आधी अंतिम अर्ज. त्यानंतर पर्यावरण परिणामांचा अहवाल, खात्यांच्या अटी, राज्याचं प्रमाणपत्र आणि शेवटी आदेश. कागदावर पाच-साडेपाच वर्षं. टर्नर्स फॉल्समध्ये इरादापत्र 2012 च्या ऑक्टोबरमध्ये दाखल झालं, अंतिम अर्ज 2016 मध्ये आला, 2020 च्या शेवटी तो सुधारून पुन्हा दाखल झाला आणि समझोत्याला 2023 उजाडलं.

उशिराचं एक कारण मजेशीर आहे. वरच्या अंगाला, व्हरमाँटमध्ये, व्हरमाँट यांकी हा अणुवीज प्रकल्प नदीत गरम पाणी सोडायचा. अभ्यासांची यादी पक्की होत होती नेमक्या त्याच वेळी, 2013 च्या ऑगस्टमध्ये, तो 2014 च्या अखेरीस बंद होणार असं जाहीर झालं. नदीचं तापमानच बदलणार असेल तर आधी मोजलेले मासे काय कामाचे? त्यामुळे पाण्यातल्या जिवांचे बरेच अभ्यास पुढे ढकलले गेले. मला तो निर्णय बरोबर वाटतो. चुकीच्या तापमानातली आकडेवारी पुढची 40 वर्षं पायाला बांधून घेण्यापेक्षा एखादा हंगाम थांबलेलं बरं.

आणि आता मला मुळात जे सांगायचंय ते. लोक जाहीर बैठकीला गर्दी करतात, अंतिम अहवाल आला की पानंच्या पानं लिहितात. पण परवान्यात काय येणार, याचा बराचसा निकाल अभ्यासांच्या यादीत लागून गेलेला असतो. जो प्रश्न अभ्यासला गेला नाही, त्याचा पुरावा फाइलमध्ये येत नाही. पुरावा नाही तर अट नाही. आणि कोणता अभ्यास करायचा, हे मागायचं दार प्रक्रियेच्या पहिल्या वर्षा-दीड वर्षातच बंद होतं. तेव्हा गावात कोणाला या प्रक्रियेचं नावही माहीत नसतं.

अभ्यास मागण्याचे सात निकष नियमात लिहिलेले आहेत: उद्देश काय, कोणत्या खात्याच्या धोरणाशी संबंध, खातं नसाल तर लोकहित कोणतं, आजवर काय माहिती आहे, प्रकल्पाच्या कामकाजाशी नेमका धागा कोणता, पद्धत मान्यताप्राप्त आहे का, आणि खर्च व कष्ट किती. यातला पाचवा निकष माणसांना गारद करतो. उदाहरण देतो. 'कालवा रिकामा करतात तेव्हा जीव मरतात, त्याचा अभ्यास करा' अशी मागणी टिकत नाही. हीच मागणी अशी लिहा: दरवर्षी पानगळीच्या सुमारास देखभालीसाठी हा कालवा आठवडाभर रिकामा होतो, त्याच्या गाळात सी लॅम्प्री या सापासारख्या लांब माशाची पिल्लं राहतात, पाणी उतरण्याचा वेग आणि उरणारी डबकी ही कंपनीच्या गेट चालवण्यावर अवलंबून आहेत, तेव्हा गाळाचे ठरावीक चौकोन आखून मोजणी करा आणि वेग बदलला तर काय फरक पडतो ते तपासा. आता ती टिकते. कालवा रिकामा करण्याचा अभ्यास इथल्या यादीत खरोखरच होता. तुम्ही त्या आठवड्यात कालव्याकडे गेलात तर एकदा काठावरून गाळाकडे नीट बघा. बोटभर लांबीची, डोळे न फुटलेली, गांडुळासारखी पिल्लं ओल्या गाळातून वर येऊन वळवळताना दिसतात आणि सीगल पक्षी ती टिपत असतात. ही पिल्लं काही वर्षं गाळात काढून मग समुद्राकडे जातात. म्हणजे एका आठवड्यात अनेक वर्षांची पिढी उघडी पडते. हे कोणाच्या तरी नजरेला पडलं, त्याने ते वर लिहिलं तशा भाषेत मांडलं, तेव्हा कुठे ते फाइलमध्ये आलं.

माशांच्या गोष्टीवर जरा थांबायला हवं, कारण पाण्याचा वाद त्यातूनच कळतो. इथला मुख्य मासा अमेरिकन शॅड. समुद्रात वाढतो, वसंतात नदी चढून अंडी घालतो. आपल्या पाल्याचा, म्हणजे बंगाल्यांच्या इलिशचा, हा नातलग. अमेरिकेतले बंगाली हिल्सा मिळाला नाही की शॅड आणून मोहरी लावतात. काटेही तसेच. खालच्या अंगाला होल्योकच्या धरणावर माशांसाठी लिफ्ट आहे. 1992 मध्ये सात लाखांहून जास्त शॅड तिथून वर गेले. त्यानंतरचं धरण टर्नर्स फॉल्स. इथून वर जाणारे मात्र त्यातले थोडेच.

कारण इथली रचना. 1980 मध्ये माशांना वर चढायला तीन शिड्या बांधल्या: एक कॅबटला, एक धरणाच्या सांडव्याशी, एक गेटहाउसला. मासा प्रवाहाच्या जोराकडे ओढला जातो. सगळं पाणी कॅबटमधून सुटतं, म्हणून मासेही बहुतांश कॅबटलाच जमतात. तिथली लांबलचक शिडी चढले की नदीत नाही, कालव्यात पोहोचतात. मग दोन मैल कालवा पोहून गेटहाउसची शिडी शोधायची. त्यातले बरेच कालव्यातच घुटमळतात, थकतात, मागे फिरतात. शिड्या मोठ्या, चढ्या नद्यांवरच्या सॅमनच्या अनुभवावर बेतलेल्या. शॅड सॅमनसारखा उड्या मारत नाही. मे-जूनमध्ये टर्नर्स फॉल्सला मासे बघायची काचेची खिडकी उघडी असते, तिथे जाऊन थोडा वेळ उभे राहा म्हणजे हे प्रकरण डोळ्यांनी कळेल.

उपाय ठरला तो असा की माशांना कालव्यात घालायचंच नाही. सरळ नदीच्या पात्रातून धरणापर्यंत येऊ द्यायचं आणि तिथे लिफ्ट बांधून वर घ्यायचं. पण पात्रातून यायचं तर पात्रात पाणी हवं, तेही ओढ लागेल इतकं. म्हणजे लिफ्ट आणि विसर्ग हे दोन मुद्दे नाहीतच. नुसती लिफ्ट बांधली आणि पाणी दिलं नाही तर ती रिकामीच वरखाली करणार. म्हणून समझोत्यात प्रवाह आणि मासे एकाच कागदावर आहेत. उतरत्या बाजूलाही काम आहे: ईल, म्हणजे सापासारखे लांब मासे, समुद्राकडे परतताना टर्बाइनमध्ये सापडू नयेत म्हणून कॅबटच्या तोंडाशी बारीक फटीच्या जाळ्या. आणि शॉर्टनोज स्टर्जन हा मासा आहे. हा 1967 पासून संकटग्रस्त यादीत. तो वसंतात याच बायपासमधल्या रॉक डॅम या नैसर्गिक खडकाळ जागेत आणि कॅबटच्या खाली अंडी घालतो. अंडी घातल्यावर वरचं पाणी अचानक तोडलं, तर जागा उघडी पडते. त्यामुळे नुसता किमान आकडा पुरत नाही. पाणी किती झपाट्याने चढवायचं-उतरवायचं, तेही बांधून द्यावं लागतं.

आता कोणाचा शब्द किती चालतो. बैठकीत सगळे एकाच टेबलाशी बसतात, अधिकार मात्र सारखे नसतात. राज्याच्या वन्यजीव खात्याची सूचना आयोगाने गांभीर्याने घ्यावी असा नियम आहे, पण कारण देऊन तो ती नाकारू शकतो. केंद्र सरकारच्या मत्स्यखात्यांनी फेडरल पॉवर ॲक्टच्या कलम 18 खाली माशांच्या वाटेची जी मागणी केली ती मात्र परवान्यात जशीच्या तशी येते. पर्यायी उपाय सुचवायची आणि वादातल्या वस्तुस्थितीवर सुनावणी मागायची सोय कंपन्यांना 2005 च्या कायद्याने मिळाली, पण नाकारणं आयोगाच्या हातात नाही. सर्वांत मोठं हत्यार राज्याकडे आहे: क्लीन वॉटर ॲक्टच्या कलम 401 खालचं प्रमाणपत्र. ते नाही तर परवाना नाही, आणि त्यातल्या अटी परवान्याच्या अटी होतात. त्यात किमान विसर्गही घालता येतो हे सर्वोच्च न्यायालयाने 1994 मध्ये सांगितलं. 'धरणातून पाणी सोडणं हा कायद्याच्या अर्थाने विसर्गच नाही' हा कंपन्यांचा युक्तिवाद 2006 मध्ये मेन राज्यातल्या एका खटल्यात फेटाळला गेला.

राज्याने मात्र अर्ज आल्यापासून जास्तीत जास्त वर्षभरात निर्णय द्यायचा, नाहीतर हक्क गेला. पूर्वी यावर पळवाट होती. कंपनी आणि राज्य संगनमताने अर्ज मागे घ्यायचे, तोच पुन्हा भरायचे आणि घड्याळ नव्याने सुरू करायचे. ऑरेगन-कॅलिफोर्नियातल्या क्लॅमथ नदीच्या धरणांबाबत हे दहा वर्षांहून जास्त चाललं. शेवटी हूपा व्हॅली जमातीने दावा लावला, आणि 2019 मध्ये वॉशिंग्टन डी.सी.च्या फेडरल अपील न्यायालयाने सांगितलं की राज्यांनी अशाने आपला हक्कच गमावला. तेव्हापासून राज्यांचे वकील कॅलेंडर उशाशी घेऊन झोपतात.

धरण पाडण्याचं. आयोगाला तो अधिकार आहे का, यावर वर्षानुवर्षं वाद होता. मेनच्या ऑगस्टा गावातलं केनेबेक नदीवरचं एडवर्ड्स धरण 1837 चं, वीज अवघी साडेतीन मेगावॉट. 1997 च्या नोव्हेंबरमध्ये आयोगाने मालकाची इच्छा नसताना परवाना नाकारला आणि धरण काढायला सांगितलं. 1 जुलै 1999 ला ते फोडलं. त्या दिवसानंतर प्रत्येक कंपनीची टेबलावरची भाषा बदलली. पण टर्नर्स फॉल्सला तसं होणार नाही, असं मी ठामपणे सांगतो. कारण धरणामागचा फुगवटा सुमारे 20 मैल, थेट व्हर्नन धरणापर्यंत, आणि तोच नॉर्थफील्ड माउंटन या उदंचन प्रकल्पाचा, म्हणजे पाणी पंपाने वर चढवून हवं तेव्हा खाली सोडून वीज करणाऱ्या प्रकल्पाचा, खालचा जलाशय आहे. घाटघरला आहे तसा, पण अकराशे मेगावॉटहून मोठा. त्या प्रकल्पाचा परवानाही याच तारखेला संपला आणि दोन्ही फाइली जोडीनेच चालल्या. त्याचे वाद वेगळे आहेत: रोजच्या चढउतारामुळे काठ ढासळतो अशी शेतकऱ्यांची तक्रार, आणि पंप माशांची पिल्लं ओढून घेतो म्हणून तोंडाशी लावायचं जाळं. काठ नेमका पंपामुळे ढासळतो, पुरामुळे की बोटींच्या लाटांमुळे, यावर दोन्ही बाजूंच्या तज्ज्ञांचं कधीच जमलं नाही.

या जागेचा आणखी एक पदर आहे, तो विजेच्या हिशेबात येत नाही. या धबधब्यापाशी मासेमारीच्या हंगामात अनेक मूळ जमाती एकत्र जमायच्या. 19 मे 1676 च्या पहाटे कॅप्टन विल्यम टर्नरच्या तुकडीने इथल्या झोपलेल्या वस्तीवर हल्ला केला. मेलेल्यांत बायका-मुलं-म्हातारेच जास्त होते. गावाला नाव त्याच टर्नरचं. ऐतिहासिक वारसा जपण्याच्या 1966 च्या कायद्यातलं कलम 106 आयोगाला जमातींशी सल्लामसलत करायला लावतं, पण या कलमात प्रक्रियेची सक्ती आहे, निकालाची नाही. माझ्या मते संपूर्ण यंत्रणेतला हा सर्वांत दुबळा दुवा आहे.

तुमच्यापुरतं बोलायचं तर नागरिकत्व कोणी विचारत नाही. आयोगाच्या संकेतस्थळावर नाव नोंदवा आणि दोन क्रमांकांची सूचना लावून घ्या: टर्नर्स फॉल्सचा 1889 आणि नॉर्थफील्डचा 2485. दाखल होणारा प्रत्येक कागद ईमेलने येतो. फाइल प्रचंड आहे, सगळी वाचू नका. समझोत्याचा कागद, राज्याचं 401 प्रमाणपत्र आणि आयोगाचा पर्यावरण अहवाल, एवढे तीन नीट वाचलेत तरी गावातल्या बहुतेकांपेक्षा जास्त कळेल. हरकती-सूचना लिहिणं आणि पक्षकार होणं यात फरक आहे. हरकत कोणीही नोंदवू शकतो. पण आदेशावर फेरविचार मागायचा, त्यासाठी 30 दिवसांची मुदत असते, किंवा कोर्टात जायचं, तर ठरलेल्या मुदतीत रीतसर पक्षकार झालेलं असावं लागतं. मुदत हुकली असेल तर सबळ कारण देऊन उशिरा अर्ज करता येतो, किंवा आधीच पक्षकार असलेल्या एखाद्या नदीसंस्थेच्या मागे उभं राहता येतं. एकट्याने लढण्यापेक्षा नदीसंस्थेचाच मार्ग मी सुचवेन.

आदेश आल्यावर बहुतेक लोक फाइल बंद करतात, आणि खरं काम तिथेच सुरू होतं. नव्या परवान्याची मुदत साधारण 40 वर्षांची धरली जाते. 2017 पासून आयोगाचं तेच धोरण आहे. एवढ्या काळात अटी पाळल्या जातात का, हे बघायला आयोगाचा माणूस रोज धरणावर उभा राहत नाही. कंपनी विसर्ग मोजण्याची योजना सादर करते आणि त्यावर पुन्हा अभिप्राय घेतले जातात. तेव्हा एवढंच मागा: बायपासमधल्या विसर्गाचे ताशी आकडे सर्वांना दिसतील असे ठेवा. कारण लोक ज्याचे आकडे बघतात तो माँटेग्यू सिटीचा सरकारी गेज, म्हणजे नदीचं पाणी मोजायचं ठिकाण, डीअरफील्ड नदी येऊन मिळते त्याच्या खाली आहे. त्यात कॅबटचं पाणी आलं, डीअरफील्डचं आलं. तुमच्या खडकांवरून त्या दिवशी किती वाहिलं, हे त्या आकड्यातून काढता येत नाही.